सूपभर ज्वारीचं देणं

१

सन एकोणीसशे बासष्ट. पौष महिना. संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. ज्वारी खळ्यावरून घरात आली होती आणि गावोगाव अष्टग्रहीची हाकाटी चालली होती. आठ ग्रह एका राशीत येणार, जग बुडणार, असं लोक म्हणत. मारुतीच्या देवळात होम बसला होता. उकंडरावाने होमाला तूप दिलं नाही.

"जग बुडते तं बुडू द्या," तो म्हणाला. "कोनाचं काही घेतलं असन तं बुडाच्या आंधी देऊन टाका, म्हंजे झालं."

बासष्ट वर्षांचा माणूस. शाळा दुसरीपर्यंत. गावात सगळ्यांत उंच. कुठल्याही बाजेवर निजला तरी पाय वीतभर बाहेर. डाव्या भुवईवर जन्मापासूनचा एक मस. चाळीस एकर रान, दोन बैलजोड्या, आणि एक ख्याती: उकंडरावाकडे कुणाचा दाणाही देणं नाही.

दुपारी रानातून आला की तो आधी हातपाय धुवायचा नाही. आधी गोठ्यामागे जायचा. तिथे उकिरडा होता आणि उकिरड्यावर त्याची आई भिमाबाई बसलेली असायची. दोन्ही हातांनी शेण, राख, पाचोळा उपसत असायची.

"माय, चाल. जेवाले चाल."

"तू कोन रे बाप्पा?"

"मी उकंडा. तुहा पोरगा."

भिमाबाई त्याच्या पांढऱ्या मिशांकडे पाहून हसायची. "माहं लेकरू तीन दिवसाचं हाये. अठीच ठेवलं होतं. कोन उचललं पाह्यलं काय तू?"

दोन वर्षं झाली होती. आधी ती भाजीत मीठ विसरली. मग मेलेले कोण आणि जिते कोण हे विसरली. सहा महिन्यांपूर्वी त्यालाही विसरली. लहानपणी ती त्याच्या भुवईवरच्या मसावर अंगठा दाबून 'हे माहं' म्हणायची. आता तो मुद्दाम डोकं खाली करून तिच्यापुढे बसायचा. ती मसाकडे बघायचीसुद्धा नाही.

तिची चार मुलं पाळण्यात गेली होती. पाचवं झालं तेव्हा रीतीप्रमाणे त्याला उकिरड्यावर टाकलं. परक्या बाईने ते सुपात उचलायचं आणि आईने तिला सूपभर ज्वारी देऊन ते विकत घ्यायचं. म्हणजे पोर परक्याचं ठरतं, आणि त्याच्यावर डोळा ठेवून जे कोणी बसलेलं असेल ते फसतं. म्हणून त्याचं नाव उकंडा; तिकडे उकिरड्याला उकंडाच म्हणतात. अशी नावं गावात पाच-सात होती. त्यात नवल नव्हतं.

पण ते साल संवत छप्पनच्या, म्हणजे इसवी सन एकोणीसशेच्या, दुष्काळाचं होतं. सूपभर काय, मूठभर ज्वारी घरात नव्हती. पोर उचलणारी बाई दुष्काळात गावाबाहेर उतरलेल्या लोकांतली होती. 'सुगी झाली की देते' असं भिमाबाई तिला म्हणाली. दुसऱ्या दिवशी ते लोक निघून गेले, आणि देणं राहून गेलं.

ही गोष्ट आईने उकंडरावाला जन्मभर सांगितली नव्हती. डोकं गेल्यावर सांगितली, आणि तीही त्याला तिऱ्हाईत समजून.

२

त्या आठवड्यात भिमाबाई उकिरड्याच्या खड्ड्यात डोकं खाली होऊन पडली. उकंडरावाची बायको शालूबाई हिने ओढून काढली. शालूबाईला दमा. दोन दिवस ती उशाला टेकून बसली.

"मले आता होत नाही," ती म्हणाली. "एक तं आत्याबाईले कोठी चांगल्या जागी ठेवा, नाही तं माह्यासाठी लाकडं फोडून ठेवा."

"लोक काय म्हनतीन? उकंडरावानं मायले फेकलं?"

"तुमाले तं त्याइनं तीन दिवसाचं फेकलं होतं. तुमी मेले काय? साठ वर्सं झाले, मलेच डोये वटारून राह्यले."

दोघी लेकी लग्न होऊन गेलेल्या. घरात तिसरं माणूस नाही. दुसऱ्या दिवशी तो एसटीने मेहकरला गेला.

मेहकरात निराधारांसाठी कुणा व्यापाऱ्याने बांधलेली एक जागा होती. उकंडरावाने ती बैल घ्यायच्या पद्धतीने पाहिली. आधी पाय, मग पाणी, मग गव्हाण. लांब दालन, ओळीने खाटा, भिंतीवर आकडे. फिनेलचा वास. पाणी ताजं. डाळ पातळ. शेवटच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिचा घोटा लुगड्याच्या काठाने खाटेच्या पायाला बांधलेला.

"काका, बांधलं नाही तर निघून जातात हो," तिथला कारकून ओशाळून म्हणाला. "आम्ही दोघंच माणसं."

उकंडरावाने त्याला नमस्कार केला आणि बाहेर आला.

परतताना डोणगावच्या बाजारात शालिग्राम भेटला. शालिग्राम सुपं-टोपल्या विकायचा. उकंडराव दरवर्षी सूप त्याच्याकडूनच घ्यायचा. सूप निवडता निवडता त्याने आईचा विषय काढला. एरवी काढला नसता.

"एक बाई हाये," शालिग्राम म्हणाला. "सडकंपासून आत, नाल्याच्या पल्याड. डोकं गेलेल्या बुढ्याइचं करते. चांगलं करते म्हनतेत. मी काही आत गेलो नाही."

"मंग तुले काय मालूम?"

"गिऱ्हाईक हाये माही. वर्सा-दोन वर्साले एक सूप नेते. एकच. औंदाचं नेलं परवाच."

३

दुसऱ्या दिवशी दुपारी उकंडराव बैलगाडी जुंपून एकटाच तिकडे गेला. नाला कोरडा होता. पलीकडे मातीच्या भिंतींचं, पत्र्याचं, लांबट घर. एक कडुनिंब. कुत्रं भुंकलं नाही. कुत्रं नव्हतंच.

उकिरडा घराच्या पुढे होता.

उकंडरावाने गाडी थांबवली. उकिरडा कोणी दारापुढे ठेवत नाही. बरं, ठेवला तर ठेवला. पण तो सारवलेला होता. वरपर्यंत, अंगण सारवावं तसा. भोवती रांगोळीची एक बारीक रेघ. एक माशी नव्हती. त्याला वाटलं, बाई स्वच्छतेची वेडी दिसते. असली तर चांगलंच आहे.

आत एकच मोठी खोली. आठ बाजा. सात बाजांवर सात म्हातारे बसलेले. त्याने पाय पाहिले. टाचांना तेल लावलेलं. नखं कापलेली. रांजणातलं पाणी गार. कोणाच्या अंगावर वळ नाही, दोरी नाही. मेहकरात जे खटकलं ते इथे एकही नव्हतं. तरी त्याला पुढे जाववेना.

प्रत्येकाच्या उशाशी भिंतीवर एक सूप टांगलं होतं. सगळी रिकामी. आणि आतल्या खोलीतून पाखडण्याचा आवाज येत होता. फट्, फट्, आणि मग दाणे सरकल्याचा. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

"रामराम," उकंडराव म्हणाला.

सातही जणांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते त्याच्या मागे, दारातून गाडीकडे पाहत होते. बैलाने मान हलवली, घुंगरं वाजली, तसे सातही जण थोडे पुढे वाकले.

"माय आली काय?" एक जण म्हणाला.

"तुमची माय कोठी गेली?" उकंडरावाने विचारलं. त्या माणसाची ऐंशी तरी उमर असेल.

"गाडीवर गेली. येऊनच राह्यली."

"नाव काय तुमचं?"

म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि मिटलं. आवाज आतून आला.

"तो केरबा. त्याच्या बाजूचा दगडू. मंग धोंडू, कडूबा, आनखी एक दगडू. सारी तुह्यासारखीच नावं."

४

बाई बाहेर आली. चाळिशीची असेल. केस काळे. हात कोपरापर्यंत कोंड्याने पांढरे.

"आला? बस," ती म्हणाली.

उकंडरावाला अरे-तुरे करणारं गावात एकच माणूस उरलं होतं, आणि ते उकिरड्यावर बसलेलं होतं.

"जरा तोंड सांभाळून. बासष्ट वर्सं झाले मले."

"या पौषात त्रेसष्टावं लागलं," बाई म्हणाली. "बस."

तो बसला नाही. कामाचं बोलू लागला. "माही माय हाये. पंच्याऐंशी वर्साची. डोकं ठिकान्यावर नाही. तिले बांधाचं नाही."

"मी कोनाले बांधत नाही. दार उघडंच हाये. कोनी जात नाही, त्याले मी काय करू?"

"अठी बाया दिसत नाहीत."

"पोरीसाठी कोन जवारी मोजते?" बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "उकंड्यावर पोरीही येतेत. त्याइले परत मांगाले कोनी येत नाही. मंग त्याइचं देनं कोनाकडं राह्यनार?"

उकंडरावाला हे बोलणं नीट समजलं नाही. त्याने विचार केला, जिच्याकडे सात वेडे आहेत तिचंही बोलणं थोडं तसंच होणार.

"मंग माही माय चालन का नाही?"

"घेऊन तं ये. पाहू."

आठवी बाज रिकामी होती. त्याने हात लावून पाहिली. सुंभ नवं, ताणून विणलेलं. पण इतर बाजांपेक्षा ती चांगली वीत-दीड वीत लांब होती. आईला ही फार मोठी होईल, असं त्याच्या मनात आलं. बाजेवर वाकळ होती आणि वाकळेच्या कोपऱ्यात लाल खणाचा एक तुकडा, वर काळे ठिपके. आईच्या पेटीत त्याची लहानपणची कुंची होती ती याच खणाची. असला खण कुठल्याही बाजारात मिळतो, असं त्याने स्वतःला सांगितलं. साठ वर्षांपूर्वी मिळत होता आणि आताही मिळत असेल.

"तुह्या मायकडं माहं एक सूप राह्यलं," बाई म्हणाली.

उकंडरावाने हिशेब लावला. आई येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ही गोष्ट सांगते. हिच्या कानावर गेली असेल. आणि जिने आपल्याला उचललं ती आज शंभरीची असती. ही तिची नात असेल. नातीने मागितलं म्हणून देणं खोटं होत नाही.

"उद्या आनतो. एक काय, दहा सुपं आनतो."

"दहा नको. एका लेकराचं एकच."

"आन् मंग?"

"देनं फिटलं की मायले आपलं लेकरू वळखू येते. वळखलं की ती घेऊन जाते."

उकंडराव वळून गाडीकडे निघाला. सहा महिने तो हेच एक मागत होता. कोणाजवळ बोलला नव्हता. आईने एकदा, एकदाच, मसावर अंगठा ठेवून नाव घ्यावं. मग तिला कुठेही ठेवायला त्याचा जीव धजला असता.

गाडीत बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण आईला इथे ठेवायचं विचारायला आलो होतो आणि बाई घेऊन जायचं बोलत होती. दोन्हींचा मेळ त्याला बसेना. मागे सातही म्हातारे दारापर्यंत आले होते. उंबरा कोणी ओलांडला नाही.

५

घरी आला तेव्हा उन्हं अजून वर होती. स्वयंपाकघरातून पाखडण्याचा आवाज येत होता. फट्, फट्. शालूबाईला दम्यात कोंडा सोसत नाही. तो रागावून आत गेला. शालूबाई बाहेरच्या खोलीत झोपलेली. सूप खुंटीला. आवाज बंद झाला होता.

तो गोठ्यामागे गेला.

भिमाबाई उकिरड्यावर बसली होती, पण उपसत नव्हती. हात धुतलेले. केस विंचरलेले. मांडीवर एक गाठोडं घेऊन ती हळूहळू डुलत होती. गाठोडं लाल खणात बांधलेलं, वर काळे ठिपके.

"माय, काय हाये ते?"

"हळू बोल रे बाप्पा. आत्ताच निजलं."

त्याने वाकून पाहिलं. तिने झटकन पदर ओढला. पदराच्या कडेला एक टाच दिसली. बोराएवढी. तिला राख लागली होती. ती आत ओढली गेली.

उकंडराव सरळ झाला. मांजरीचं पिल्लू, त्याने ठरवलं. मांजरीला टाच नसते, हे त्याला माहीत होतं. तो पुन्हा वाकला नाही.

"आत्याबाई आज भारी शांत हायेत," शालूबाई जागी झाल्यावर म्हणाली. "काही भेटलं वाटते त्याइले. मांजरीचं पिल्लू असन."

"तू पाह्यलं?"

"नाही."

"काऊन?"

शालूबाई चुलीकडे वळली. "निजू द्या त्याइले," ती म्हणाली.

६

सकाळी उकंडरावाने गाडी जुंपली. पांढऱ्या बैलाला हाक मारायला तोंड उघडलं आणि नाव आठवेना. बारा वर्षांचा बैल. त्याने चार-सहा नावं मनात आणून पाहिली. शेवटी नुसतं "हो हो" करून त्याला जुवाखाली घेतलं. झोप झाली नाही म्हणून असेल.

ज्वारी त्याने स्वतः निवडली. नव्या सुगीची, टपोरी, मोत्यासारखी. खडा नाही, काडी नाही. शालिग्रामकडच्या नव्या सुपात शीग लावून भरली आणि वर जुन्या धोतराचं धडपं बांधलं. देणं सपाट मापाने द्यायची त्याला सवय नव्हती.

"आत्याबाईले ठेवून येनार ना आज?" शालूबाईने विचारलं. तिचे डोळे भरले होते. ती चाळीस वर्षं त्या म्हातारीच्या हाताखाली नांदली होती.

"पाहू. मले वळखलं तं नाही ठेवनार. घरीच आनीन."

"आन् नाही वळखलं तं?"

"देनं देल्लं की वळखन."

भिमाबाई गाठोडं घेऊन आपली आपणच गाडीत चढली. वाटभर तो पुढे पाहत होता. मागून बारीक आवाज येत होता. चुटुचुटु, थांबून थांबून, लेकरू अंगावर पीत असताना येतो तसा. आख कोरडा पडला असावा. घरी गेल्यावर वंगण घालायचं, असं त्याने ठरवलं. नाल्यापाशी उतारावर चाकं थांबली. आवाज थांबला नाही.

त्याने मागे वळून पाहिलं नाही.

७

बाई दारातच होती. तिच्या हातात रिकामं सूप. उकंडराव उतरला, धडपं सोडलं, आणि आपल्या सुपातली ज्वारी तिच्या सुपात ओतली. एक दाणा बाहेर गेला नाही. आतले सातही जण उठून बसले.

"मोजून घ्या," तो म्हणाला.

"भरलं," बाई म्हणाली. मग ती भिमाबाईकडे वळली. "भिमे, फिटलं तुहं. घे आपलं लेकरू."

भिमाबाई गाडीतून उतरून केव्हाच उंबऱ्याच्या आत येऊन उभी होती; ज्वारी ओतता ओतता तोही आत आला होता. तिने उकंडरावाकडे पाहिलं. जवळ आली. तिच्या डोळ्यांतलं मळभ गेलं होतं. दोन वर्षांत ते डोळे इतके स्वच्छ त्याने पाहिले नव्हते. तो उंच माणूस गुडघ्यात वाकला आणि त्याने डोकं पुढे केलं.

"माय," तो म्हणाला.

तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. पांढऱ्या मिशांवरून फिरवला. अंगठा भुवईपर्यंत आला.

"भला मानूस हायेस बाप्पा," ती म्हणाली. "माहं देनं तू देल्लं. तुह्या मायचं बरं होवो."

आणि तिने गाठोडं खांद्याला लावलं.

खण सरकला. तिच्या खांद्यावरून त्याला एक तोंड दिसलं. तीन दिवसांचं, सुरकुतलेलं. डोळे उघडे होते आणि ते त्याच्याकडे पाहत होते. डाव्या भुवईवर एक मस होता.

उकंडरावाने हात आपल्या भुवईकडे नेला. बोट इकडून तिकडे फिरवलं. भुवई सपाट लागली.

भिमाबाई बाहेर गेली. पंच्याऐंशी वर्षांची बाई एका हाताने गाडीच्या साट्याची कड धरून वर चढली. लेकरू मांडीवर घेतलं, कासरा हातात घेतला, जिभेने टक् केलं. "चाल रे ढवळ्या," ती म्हणाली. बैल निघाले.

ढवळ्या. त्याला वाटलं, आपल्याला हे नाव माहीत होतं.

तिला हाक मारायची होती. दार उघडं होतं. चार पावलं टाकली असती तरी गाडी गाठता आली असती. त्याने तोंड उघडलं. काय म्हणून हाक मारायची ते येईना. घुंगरं नाला उतरली, नाला चढली, बारीक झाली. दारात आठ जण उभे होते. मग सात जण आपापल्या बाजेवर जाऊन बसले, आणि तोही जाऊन बसला. पाय लांब केले. ते बाजेबाहेर गेले नाहीत.

बाईने सूप दोनदा पाखडलं. कोंडा निघाला नाही. तिने ज्वारी आतल्या कणगीत ओतली, रिकामं सूप आणून आठव्या बाजेच्या उशाशी खुंटीला अडकवलं.

"फिटलं," ती म्हणाली.